लाकडी फ्लोअरिंग: साग, ओक की मेपल?

कठीणपणाच्या जान्का मापावर साग साधारण १,०७०, व्हाइट ओक १,३६० आणि हार्ड मेपल १,४५०. आकडे पाहून मेपलच घ्यावंसं वाटतं. पण मुंबई-कोकणात खरा त्रास हवेतल्या ओलीचा. मेपल त्यात बरंच फुगतं-आकसतं, साग फारच कमी. म्हणून इकडे सागच बरा, खुर्च्यांचे थोडे चरे पडले तरी चालतील. फळी निवडताना पांढुरकी कड असलेली बाजूला काढा. वाळवीला दाद न देणारा असतो तो सागाचा गाभा, ही कड नव्हे. दुकानदार ‘पॉलिशमध्ये झाकलं जाईल’ म्हणतोच. बसवण्याआधी फळ्या आठवडाभर त्याच खोलीत मोकळ्या ठेवा, आणि भिंतीलगत सुमारे १० मिलिमीटर फट सोडायला सुताराला सांगा. ती स्कर्टिंगखाली दिसत नाही.