‘द एक्झिट ८’मधून बाहेर कसं पडायचं

जपानमधल्या भुयारी मार्गातला पांढऱ्या टाइल्सचा कॉरिडॉर, समोरून चालत येणारा एक माणूस, आणि वळण घेतलं की पुन्हा तोच कॉरिडॉर. गेम बनवणाऱ्या कोताके क्रिएटने २०२३ मध्ये आणलेल्या ‘द एक्झिट ८’ या व्हिडिओ गेममध्ये दिसायला एवढंच आहे. हत्यार नाही, किल्ल्या नाहीत. नियम भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेत: विसंगती (म्हणजे नेहमीच्या कॉरिडॉरपेक्षा वेगळं काही) दिसली तर लगेच मागे फिरा, नाही दिसली तर मागे फिरू नका, आणि ८ क्रमांकाच्या मार्गाने बाहेर पडा. निर्णय बरोबर आला की पिवळ्या पाटीवरचा आकडा एकाने वाढतो, एक चूक झाली की पुन्हा ०. गेम १५ मिनिटांत संपू शकतो, तासभरही लागू शकतो.

हेडफोन लावा, खोलीतला उजेड कमी करा आणि माउस फार वेगाने फिरत असेल तर सेटिंगमध्ये तो हळू करून घ्या. तयारी झाली.

आता तो सल्ला, जो सगळीकडे मिळतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो: ‘मनाला जे वाटेल ते कर, खटकलं तर फिर.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते साध्या गणितात दिसतं. तुम्हाला सलग आठ निर्णय बरोबर घ्यायचेत. दहापैकी नऊ वेळा तुमचा अंदाज बरोबर येतो असं धरलं, तरी सलग आठ वेळा तो बरोबर येण्याची शक्यता ४३ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. हीच अचूकता ९८ टक्क्यांवर नेली तर शक्यता ८५ टक्क्यांवर जाते. शेवटच्या टप्प्यावर मार खाणाऱ्यांना वाटतं की पुढे गेम अवघड होत जातो. खरं तर त्यांची नजर पहिल्यापासूनच थोडी कच्ची असते.

म्हणून सगळी मेहनत पहिल्याच फेरीत करायची. गेम सुरू झाल्यावरच्या पहिल्या कॉरिडॉरमध्ये विसंगती नसते. बहुतेक जण इथूनच पळत सुटतात आणि पुढे तीन-चारदा ० पाहतात. हा कॉरिडॉर म्हणजे तुमचं मूळ चित्र. त्यात चांगली तीन-चार मिनिटं घालवा.

पाहायचं काय? ‘सगळं नीट बघ’ म्हणण्याला काही अर्थ नाही. नजरेला ठरलेला क्रम द्या आणि तो कधीही बदलू नका: आधी छत, मग पोस्टर असलेली भिंत, मग दारं असलेली भिंत, मग जमीन, शेवटी माणूस. छताला दिव्यांची रांग कशी आहे, वरच्या पाटीवर काय लिहिलंय, टाइल्सवर डाग आहे का. पोस्टर किती आहेत, कोणतं कुठे आहे, चेहरा असलेल्या पोस्टरमधली नजर कुठे रोखलेली आहे. दारांच्या मुठी कुठे आहेत. हवा खेळण्याच्या जाळ्यांतून काही गळत नाही ना. जमिनीवर दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या उठावदार पट्ट्या कशा जातात. हे मनात म्हणू नका, तोंडाने मोठ्याने म्हणा. ‘मूठ कडेला’ असं एकदा उच्चारलेलं असलं, की पुढे ती दाराच्या मधोमध दिसल्याबरोबर खटकते. नुसतं पाहिलेलं असलं तर ‘आधीपण अशीच होती बहुतेक’ असं वाटून जातं, आणि त्या ‘बहुतेक’नेच आकडा ० वर येतो.

खरी खोच संथ विसंगतींत आहे. लाल पाण्याचा लोंढा येतो किंवा दिवे जातात तेव्हा कुणाचीही चूक होत नाही. चूक होते ती पोस्टर हळूहळू मोठी होतात तेव्हा. बदल सावकाश झाला की डोळ्यांदेखत होऊनही तो लक्षात येत नाही, हा माणसाच्या नजरेचाच दोष आहे, आणि हा गेम त्यावरच उभा आहे. नुसतं जास्त एकाग्र होऊन हे सुटत नाही. मोजमाप लागतं, आणि मोजपट्टी भिंतीवरच आहे: टाइल्सच्या सांध्यांची रेष. पहिल्या फेरीत एका पोस्टरची कडा कोणत्या सांध्यापाशी संपते ते पाहून ठेवा. पुढच्या प्रत्येक फेरीत त्या पोस्टरसमोर पाच-सहा सेकंद थांबा. कडा सांध्यावर सरकली की मागे फिरायचं. न थांबता चालत गेलात, तर पोस्टर वाढतं आणि तुम्हीही जवळ जाता. दोन्ही कारणांनी ते मोठंच दिसणार, आणि खरं कारण कोणतं ते कळणार नाही. मोजणी नेहमी उभं राहून करा.

दिवे आणि दारं यांना वेगळी युक्ती लागते. ती एकमेकांशी ताडून पाहा. एक दिवा रांगेतून हलला, एक मूठ वेगळ्या जागी आली, तर शेजारची जोडी लगेच सांगते.

माणसाला टाळू नका. तो जवळ येताना चेहरा पाहा, चाल पाहा. नेहमीचा असेल तर तो तसाच निघून जातो. चेहऱ्यावर हसू असेल, किंवा तो नेहमीपेक्षा झपाझप येत असेल, तर तिथल्या तिथे वळा. भिंतीच्या टाइल्सच्या रंगात मिसळून उभी असलेली आकृती आणि लोंढा यांच्या बाबतीतही तसंच. तुम्ही त्यांच्या तावडीत सापडलात की आकडा ०. नीट पाहून खात्री करू, हा मोह इथे महागात पडतो. विसंगती आहे एवढं कळलं की काम झालं. ती नेमकी काय आहे हे जाणून घेण्याला एकही गुण नाही.

‘मागे फिरा’ म्हणजे आलात त्या वळणातून परत. लांबून काही दिसलं तरी तिथेच वळा, कॉरिडॉर पूर्ण करायची गरज नाही.

प्रत्येक वळणानंतर पिवळी पाटी वाचा. आकडा ० झाला असेल तर त्यातून काहीतरी शिका: पुढे गेला होतात आणि ० आला, तर एखादी विसंगती नजरेतून सुटली, तुमच्या क्रमातली कोणती जागा घाईत पाहिली ते आठवा. मागे फिरला होतात आणि ० आला, तर जे खटकलं ते मुळातच तसं आहे. ते मूळ चित्रात जमा करा. उगाच मागे फिरण्याची चूक भीतीने वाढते. दोन भयानक विसंगती सलग आल्या की पुढचा साधा कॉरिडॉरही संशयास्पद वाटू लागतो. अशा वेळी नियम एकच ठेवा: बोट ठेवून सांगता येईल अशी गोष्ट सापडली तरच फिरायचं. ‘काहीतरी विचित्र वाटतंय’ हे कारण धरायचं नाही.

विसंगतींची चित्रं असलेली यादी आधी पाहू नका. हा गेम तुमच्याच संशयावर चालतो. यादी वाचली की उरते ती फक्त तपासणी, आणि पहिल्यांदा खेळण्याची संधी एकदाच मिळते.

पाटीवर ८ आला की पळत सुटायचं नाही. तोच क्रम, तेच थांबणं, वर जाणाऱ्या पायऱ्या समोर दिसेपर्यंत.