फायर डोअर दोन बोटं उघडं राहत असेल तर

फायर डोअर म्हणजे आग आणि धूर अडवणारं दार. ते आपोआप येतं, चौकटीला टेकल्यासारखं दिसतं, पण लॅचचा, म्हणजे चौकटीच्या खाचेत अडकणाऱ्या जिभेचा, ‘खट्’ आवाज येत नाही. लांबून पाहणाऱ्याला ते बंदच वाटतं. आग लागली की खोलीतली हवा तापते, दाब वाढतो आणि लॅच न लागलेलं दार आतून ढकललं जातं. त्या फटीतून सगळ्यात आधी धूर निघतो, आणि तो ज्या जिन्यातून माणसं बाहेर पडणार असतात तिथेच भरतो. म्हणून फायर डोअरची कसोटी एकच: कोणीही हात न लावता लॅच लागलं पाहिजे.

दार ९० अंशांवर नेऊन सोडा, मग ४५ अंशांवरून, मग फक्त वीतभर उघडून. प्रत्येक ठिकाणाहून तीन-तीनदा. पूर्ण उघडल्यावर लागतं पण वीतभरावरून लागत नाही, याचा अर्थ ते निव्वळ वेगाच्या जोरावर लागतंय; स्प्रिंग कमी पडतेय किंवा कुठेतरी घर्षण आहे. प्रत्येक वेळी एकाच जागी थांबत असेल तर तिथे काहीतरी अडतंय. एवढं कळेपर्यंत क्लोजरच्या, म्हणजे दार आपोआप ओढून बंद करणाऱ्या स्प्रिंगच्या यंत्राच्या, स्क्रूला हात लावू नका. सर्रास होतं ते उलटंच. आधी वेग वाढवला जातो, दार आदळायला लागतं, आवाजाला कंटाळून कोणीतरी खाली पाचर सारतं, आणि दार दिवसभर सताड उघडं राहतं.

क्लोजर सोडवून दार हाताने फिरवा

क्लोजरचा आर्म (दांडा) जिथे चौकटीला जोडलेला असतो तिथला स्क्रू काढा. दार बंद असतानाही स्प्रिंगला ताण असतो, त्यामुळे आर्म झटक्याने फिरतो. दुसऱ्या हाताने तो घट्ट धरूनच सोडवा. आता दार एका बोटाने हललं पाहिजे आणि सोडाल तिथे थांबलं पाहिजे. आपणहून उघडत असेल तर चौकट किंवा बिजागऱ्यांची रेघ ओळंब्यात नाही. शेवटच्या काही सेंटिमीटरांत हाताला जड लागलं तर दोष पल्ला, सील किंवा लॅचमध्ये आहे. क्लोजर सुटलेला असेपर्यंत दार सोडून जाऊ नका.

फट मोजायला फीलर गेज किंवा ठरावीक जाडीच्या पट्ट्या वापरा. वर आणि दोन्ही बाजूंना साधारण २ ते ४ मिमी फट असावी. हँडलच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतोय आणि वरच्या बिजागरीपाशी फट रुंदावलीय, हे चित्र सगळ्यात जास्त दिसतं. पल्ला खाली बसलाय. हँडलपाशी धरून पल्ला वर उचलून पाहा. खेळ जाणवला तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत किंवा बिजागरी झिजलीय. आधी पल्ल्याखाली आधार द्या, मग स्क्रू आवळा. लाकडातलं भोक मोठं झालं असेल तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबू नका, महिनाभरात परत ढिलं होतं. कठीण लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोका, सुकू द्या आणि नव्याने भोक पाडा. बिजागरी बदलायचीच असेल तर त्याच मापाची, फायर डोअरसाठी प्रमाणित असलेली घ्या. मागे उष्णतेने फुगणारा पातळ पॅड असेल तर तोही परत बसवा.

घासतंय म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकडी फायर डोअर किती तासता येईल हे उत्पादकाच्या कागदावर दिलेलं असतं, तेवढंच तासायचं. स्टीलचं दार तर कापायचंच नाही.

आता सील. काठावरच्या खाचेतली पट्टी आगीत फुगून फट बुजवते, आणि तिच्यावरचा ब्रश किंवा रबरी पाकळी थंड धूर अडवते. रंगकामात या पट्टीवर रंग चढला की ती कडक होते. एखादं टोक सुटून दुमडलं की दार नेमकं तिथे थांबतं. पट्टी उपटून टाकली की दार छान लागतं, पण मग ते फायर डोअर उरत नाही. त्याच रुंदी-जाडीची, त्याच प्रकारची नवी पट्टी बसवा.

लॅचची जीभ बोटाने दाबून सोडा. ती लगेच बाहेर आली पाहिजे. रंग किंवा धूळ साचली असेल तर साफ करून ग्रॅफाइटची पूड टाका. तेलाने धूळ चिकटते. मग जिभेला खडू लावून दार ओढून घ्या आणि चौकटीवरच्या धातूच्या पट्टीवर खूण कुठे उमटते ते पाहा. मिलिमीटरभराचा फरक असेल तर पट्टीची खाच कानशीने घासून जुळते. फरक जास्त असेल तर पल्ला खाली बसलेला आहे. खाच वाढवत नेऊ नका, बिजागरीकडे परत जा.

मग क्लोजर

बॉडीवर तेलाचा ओघळ दिसला तर तो क्लोजर बदलायचा. त्यात तेल भरता येत नाही. ठीक असेल तर आर्म जोडा आणि बसवणी तपासा. नेहमीच्या बसवणीत दार बंद असताना आर्मचा चौकटीला जोडलेला भाग दाराशी काटकोनात असावा, नाहीतर लॅच लावायला जोरच उरत नाही. आर्म दाराला समांतर बसवलेला असेल तर तीच स्प्रिंग कमी जोर देते.

क्लोजरची ताकद दाराला पुरते का पाहा. युरोपीय मानक ईएन ११५४ नुसार फायर डोअरला किमान ३ क्रमांकाची ताकद लागते: ९५० मिमी रुंदी आणि ६० किलोपर्यंत. ४ क्रमांक ११०० मिमी आणि ८० किलोला, ५ क्रमांक १२५० मिमी आणि १०० किलोला.

आधी स्प्रिंगचा जोर वाढवा, मग वेग जुळवा. वेग ठरवणारे व्हॉल्व्ह (स्क्रू) बहुतेक क्लोजरवर दोन असतात: एक मुख्य फेरीचा, दुसरा शेवटच्या साधारण १५ अंशांचा. उजवीकडे फिरवला की वेग कमी, डावीकडे जास्त. एका वेळी एक अष्टमांश फेरा, आणि प्रत्येक वेळी चाचणी. व्हॉल्व्ह पूर्ण बाहेर काढला की दाबाखालचं तेल उडतं आणि क्लोजर वाया जातो. ९० अंशांवरून शेवटच्या टप्प्यापर्यंत यायला साधारण ५ सेकंद पुरेत.

सगळं जुळूनही दार अडत असेल तर जवळची खिडकी उघडून पाहा. तेवढ्याने लॅच लागलं तर दोष दारात नाही, हवेच्या दाबात आहे. वातानुकूलनाचा पुरवठा आणि परतीची हवा यांचा मेळ घालावा लागेल. दोन पल्ल्यांच्या दारात दुसऱ्या पल्ल्याच्या काठावर बसणारा पल्ला नेहमी शेवटी आला पाहिजे. तसं होत नसेल तर क्रम ठरवणारा भाग वाकलाय. चुंबकाने उघडी धरलेली दारं फायर अलार्म वाजवूनच तपासा.

नवं सील पहिल्या काही दिवसांत दबतं आणि नवे स्क्रूही बसतात, म्हणून दोन आठवड्यांनी वीतभर उघडून सोडायची चाचणी पुन्हा घ्या.