क्रेडिट रिपोर्टमध्ये नको असलेली एन्क्वायरी दिसली तर काय करायचं?

दिवाळीच्या आधी दादरच्या एका दुकानातून आम्ही फ्रीज हप्त्यांवर घेतला. सेल्समनने पॅन नंबर घेतला, मोबाइलवर आलेले ओटीपी एकामागून एक विचारले आणि संध्याकाळी फ्रीज घरी आला. पुढे घराच्या कर्जासाठी बँकेत गेलो, तर तिथल्या मॅडमनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. एकाच दुपारी तीन फायनान्स कंपन्यांच्या एन्क्वायऱ्या! सेल्समन पठ्ठ्याने फाइल तीन ठिकाणी ‘लॉगिन’ केली होती, म्हणजे एका फ्रीजसाठी तीन कंपन्यांकडे अर्ज टाकले होते.

कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डाचा अर्ज आला की कंपनी तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद मागवते, ती हार्ड एन्क्वायरी. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच साचल्या की ‘हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय’ असा अर्थ निघतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या पतीचे गुण, उतरत नाही.

तेव्हा आधी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार क्रेडिट ब्युरोंकडून, म्हणजे असे रिपोर्ट ठेवणाऱ्या संस्थांकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एन्क्वायरी ज्या ब्युरोकडे झाली तिथेच ती दिसते.

एन्क्वायरीच्या भागात कंपनीचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम असते. नाव ओळखीचं नाही म्हणून लगेच फसवणूक झाली असं धरू नका. अ‍ॅपचं नाव एक आणि त्यामागे पैसे देणारी कंपनी दुसरीच, हे सर्रास चालतं. त्या तारखेचे एसएमएस उघडा. ‘तुम्हाला किती कर्ज मिळेल ते बघा’ असं बटण रात्री बारा वाजता आपणच दाबलेलं असतं.

संमती तुमचीच असेल तर ती एन्क्वायरी पुसता येत नाही. ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. काही महिने नवे अर्ज थांबवा, जुने हप्ते वेळेवर भरा. एन्क्वायरीपेक्षा चुकलेला हप्ता स्कोअरला कितीतरी जास्त महागात पडतो.

एन्क्वायरी खरंच तुमची नसेल तर आधी त्याच रिपोर्टमधली कर्जखाती तपासा. तुम्ही न घेतलेलं कर्ज तिथे दिसलं, तर प्रकरण गंभीर आहे. त्याच दिवशी 1930 वर सायबर तक्रार करा आणि त्या कंपनीलाही कळवा. खातं नसेल, नुसती एन्क्वायरीच असेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. तारीख आणि रक्कम लिहून अर्जाची प्रत आणि संमतीचा पुरावा मागा. ही मागणी सगळ्यात महत्त्वाची, कारण पुरावा नसला की कंपनीला एन्क्वायरी काढून घेण्यावाचून मार्ग राहत नाही.

सोबत ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे ‘ही नोंद चुकीची आहे’ अशी तक्रार नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. सिबिलच्या रिपोर्टवर छापलेला कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, कंपनीला विचारूनच बदलतो. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला कंपनी किंवा ब्युरोला तुम्हाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे, म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. एवढं करूनही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालांकडे तक्रार करा. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे.

माझ्या प्रकरणात उत्तर आठवड्यात आलं: ‘ग्राहकाने ओटीपीद्वारे संमती दिली आहे.’ जुने मेसेज उघडले. हा ओटीपी संमतीसाठी आहे, असं तिन्हींत स्पष्ट लिहिलं होतं, मी फक्त आकडे वाचून दाखवले होते. मग बँकेतल्या मॅडमनी सुचवल्याप्रमाणे साध्या कागदावर चार ओळींचा खुलासा लिहिला: खरेदी एक, कर्ज एक, एन्क्वायऱ्या तीन. खाली सही केली आणि मागे फ्रीजचं बिल जोडलं.