विसार देण्याआधी घर तपासून घ्या : खान्देशात घराची तपासणी कशी करून घ्यायची

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आमच्या मामांनी जळगावात एका रो-हाऊसचा विसार दिला. रंग नवा, किचन ट्रॉली चकाचक, मामींना ओटा आवडला, सगळे खूश. श्रावणात कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेव्हा हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी जाणारी भेग पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्यात पोस्टकार्ड जायला लागलं. गल्लीतले एक म्हातारे गवंडी येऊन बघून गेले, एवढंच बोलले, "घर ते चांगलं शे, पन पाया कोन्ही देखा का?" खरंच कोणीच बघितला नव्हता. त्या घराच्या दुरुस्तीत मामांची मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली, म्हणून हे सगळं कळकळीने लिहितोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. "बँकेचा माणूस येऊन घर बघून गेला, लोन पास झालं, म्हणजे घर चांगलंच असणार" हे आपल्याकडे जो तो म्हणतो. तो माणूस व्हॅल्युअर असतो. बँकेचे पैसे बुडाले तर घर विकून वसूल होतील का एवढं त्याला बघायचं असतं, तुमच्या बाथरूमची ओल शोधणं हे त्याचं काम नाही.

माणूस कोण बोलवायचा

घर तपासणारे म्हणून वेगळं सरकारी लायसन आपल्या देशात नाही, त्यामुळे नुसत्या व्हिजिटिंग कार्डावर जाऊ नका. पुण्या-मुंबईकडे मशिनं घेऊन येणाऱ्या कंपन्या आहेत, आपल्याकडे सरळ अनुभवी सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठायचा, महापालिकेचा परवाना असलेला मिळाला तर उत्तम. तो विकणाऱ्याच्या किंवा एजंटच्या ओळखीचा नको, आणि दुरुस्तीचं किंवा वॉटरप्रूफिंगचं काम घेणारा तर अजिबात नको, कारण जो दोष शोधतो त्यालाच काम मिळणार असेल तर दोष वाढतच जातात. फी, किती तास देणार, टेरेसवर चढणार का, वायरिंग बघणार का, फोटोसकट लेखी रिपोर्ट देणार का, हे आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. दोन-तीन तास न देता वीस मिनिटांत "ओके आहे" म्हणणारा असेल तर दुसरा बघा.

आणि हे सगळं विसाराच्या आधी. मुहूर्तामुळे विसार द्यावाच लागत असेल तर रक्कम लहान ठेवा आणि विसारपावतीत स्पष्ट लिहा की तपासणीत मोठा दोष निघाला तर पैसे परत मिळतील. चांगल्या घराचा मालक याला सहसा नाही म्हणत नाही.

पाया आणि भेगा : इथे घाई करू नका

आपली बरीचशी जमीन काळी. वैशाखात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको, पण तीच माती घराखालीही असते हे आपण विसरतो. पाया काळ्या मातीतच थांबवला असेल तर ती दरवर्षी घर थोडं उचलते आणि थोडं खाली सोडते. म्हणून मालकाला विचारा की खोदताना मुरूम किंवा खडक लागेपर्यंत गेले होते का, बांधकामाचे फोटो आहेत का, आणि शेजारच्या घरमालकालाही विचारा, तो जास्त खरं सांगतो. घराच्या चारही बाजूंनी भिंतीला लागून फरशी किंवा काँक्रीटची पट्टी आहे का बघा, उतार बाहेरच्या बाजूला हवा. मामांच्या घरी ती पट्टीच नव्हती, टेरेसच्या पाइपचं पाणी सरळ भिंतीच्या बुडाशी पडत होतं.

भेग दिसली की लगेच घाबरायचं नाही, भेगा-भेगांत फरक असतो. प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर बहुतेक वेळा पाणी कमी मारल्याचा परिणाम, आपल्या उन्हात प्लास्टर बघता बघता सुकतं. कॉलम आणि विटांची भिंत जिथे जुळते तिथे उभी सरळ भेग असेल तर तिथे जाळी मारलेली नसते, दिसायला वाईट पण बहुतेक किरकोळ. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली आणि भिंतीच्या आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारी असेल तर मात्र इंजिनिअरला तिथेच उभं करा. तशीच बीमच्या खालून लांबच लांब जाणारी, तपकिरी डाग असलेली भेग, म्हणजे आतली सळई गंजून फुगतेय. सगळ्या घराचा रंग जुना आणि एकाच भिंतीला नवा असेल तर कारण विचाराच.

जमलं तर घर दोनदा बघा, एकदा कडक उन्हाळ्यात आणि एकदा चार-पाच दिवस झड लागल्यावर.

स्लॅब, ओल आणि कुलर

मे महिन्यात दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावर पंखा बंद करून दहा मिनिटं बसा. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या दिवसांत तुम्हाला याच स्लॅबखाली झोपायचंय. टेरेसची पाणी जाण्याची भोकं कापड कोंबून बंद करायची, दोन इंच पाणी साचवायचं, चोवीस तास ठेवायचं आणि खाली छताला डाग येतो का बघायचं, मालकाची परवानगी काढून हे करता येतं आणि याच्याएवढी स्वस्त परीक्षा दुसरी नाही. बाथरूमचीही तशीच करा.

मग खिशातलं नाणं काढा आणि बाथरूमच्या टाइल्सवर, भिंतीच्या प्लास्टरवर टकटक करत फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कान लगेच पकडतो. भिंतीच्या खालच्या हातभर भागात पांढरी पावडर, फुगलेले पोपडे दिसले तर लोणा लागलाय, जमिनीतली ओल वर चढतेय, त्यावर रंग मारून काही होत नाही.

आपल्याकडची खास जागा म्हणजे कुलरची खिडकी. चार-चार महिने कुलर तिथे गळत असतो, खिडकीखालची भिंत आतून-बाहेरून ओली राहते आणि बाहेरच्या लोखंडी स्टँडचे बोल्ट भिंतीतच गंजतात. बाहेरचा माणूस तिथे बघतच नाही, तुम्ही मुद्दाम दाखवा.

धाब्याचं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं जुनं घर असेल तर प्रकार वेगळा. दरवर्षी पावसाआधी वर माती टाकून टाकून थर किती जाड झालाय आणि तुळयांवर किती वजन आलंय ते बघायचं, आणि तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचा. सागवान बाहेरून शाबूत दिसतं आणि आतून उधईने भुगा केलेला असतो.

बाकीचं पटपट. मेन बोर्डवर आरसीसीबी असते, करंट गळला की लाइट तोडणारी, तिचं टेस्ट बटन दाबा, खटकन पडलं पाहिजे. अर्थिंग आहे का, लाइट बिलावर मंजूर भार किती, दोन एसी चालतील का. सगळे नळ एकदम सोडून प्रेशर बघा, बोअरचं पाणी जड असेल तर नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसतोच. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते शेजारणींना विचारा.

नदीकाठ असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर नदीचं पाणी घरादारांत शिरलं होतं, ती रात्र तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

रिपोर्ट हातात आल्यावर

एकही दोष नाही असं घर नसतं, त्यामुळे दहा पानं बघून हबकू नका. इंजिनिअरला समोर बसवून तीन भाग करून घ्या : जिवाला धोका असलेलं, लवकर खर्च येणारं, आणि सावकाश केलं तरी चालेल असं. पहिल्या भागात पाया किंवा सळई असेल तर मुकाट्याने बाजूला व्हा. दुसऱ्या भागाचं एस्टिमेट काढून मालकासमोर ठेवा आणि तेवढी किंमत कमी मागा, भांडून नाही, कागद दाखवून.

बिल्डरकडून नवीन घेतलं असेल तर रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष तुम्ही कळवला की 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरची आहे, म्हणून चार वर्षं झाली की एकदा तपासणी करून लेखी कळवा. पण 500 चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत घरं असलेल्या प्रोजेक्टला रेरा नोंदणी लागत नाही आणि आपल्याकडचे कितीतरी रो-हाऊस त्यातच बसतात, तिथे तर विसाराआधीची तपासणी हाच आधार.

विकणाऱ्यांनीही बाजारात घर काढण्याआधी स्वतः तपासणी करून घ्यावी. गळकी टाकी, सैल टाइल्स आधी दुरुस्त होतात आणि गिऱ्हाइकाने ऐनवेळी लाखभर पाडून मागितले तर तुमच्याकडे रिपोर्ट असतो. लपवून रंग मारू नका, पुढच्याच्याही आयुष्याची कमाई त्यात चाललेली असते.

आणि ज्यांना विकायचंही नाही, घ्यायचंही नाही, त्यांनी मृग लागायच्या आधी एक सकाळ काढा. टेरेसवर चढून पाणी जायची भोकं पाला-पाचोळा काढून साफ करा, भिंतीलगतची पट्टी कुठे खचली का बघा, आणि घरात भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत परत बघायचं, भेग रेघेच्या पुढे सरकली असेल तर त्याच आठवड्यात इंजिनिअरला फोन करायचा.