इन्फ्लुएन्सर हेर आणि तिची लव्हस्टोरी: असं थ्रिलर लिहायचं असेल तर

पहिलं पान लिहायच्या आधी एक गोष्ट सोडवून घ्या. हेराला तोंड लपवायचं असतं आणि इन्फ्लुएन्सरला दाखवायचं असतं, मग ही मुलगी गुप्त काम करणार कशी? बरेच जण इथे तिला विग घालतात, गॉगल लावतात, आणि गोष्ट तिथेच संपते. विग नको. तिची प्रसिद्धी हाच तिचा बुरखा आहे.

हे खरंच घडलेलं आहे. जोसेफिन बेकर ही पॅरिसची स्टार डान्सर आणि गायिका, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच गुप्तचरांसाठी काम करत होती. १९४० मध्ये ती लिस्बनला गेली तेव्हा माहिती अदृश्य शाईने गाण्याच्या नोटेशनच्या कागदांवर लिहिलेली होती आणि सोबतचा जाक अब्ते हा गुप्तचर अधिकारी तिच्या स्टाफमधला माणूस म्हणून फिरत होता, सगळे बघणार तिच्याकडे, त्याच्याकडे कोण बघतंय. २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पॅन्थिऑनमध्ये, म्हणजे देशाच्या थोर माणसांच्या स्मारकात, मानाची जागा दिली. तुमची नायिका तिचीच आजची बहीण आहे असं समजून लिहा.

आता तिला गाव द्या. मी असते तर मालवणची मुलगी घेतली असती, माशांच्या रेसिपी, होडीतले रील्स, चारेक लाख फॉलोअर्स. एक दिवस डीएम येतो, "ताई, तुमचा कंटेंट मस्त आहे, बार्टर कोलॅब करणार का?" आधी फुकट कॅमेरा बॅग, मग थोडे पैसे, मग "किनाऱ्याचे ड्रोन शॉट्स पाठवा ना", मग "ती जेट्टी जरा जवळून". जाळ्यात ओढणारा माणूस पहिल्याच दिवशी गुपित मागत नाही, तो आधी छोट्या कामाची आणि पैशांची सवय लावतो, त्यामुळे हा भाग घाईघाईत उरकू नका, तीन-चार चॅप्टर द्या याला. तिला संशय येतो, ती पोलिसात जाते, आणि तिला सांगितलं जातं की तू कोलॅब चालूच ठेव. इथून ती अंडरकव्हर.

इथे एक चूक सगळेच करतात. रॉचा एजंट येतो आणि मालवणात बेड्या घालतो. रॉ १९६८ ला स्थापन झाली ती परदेशातल्या हेरगिरीसाठी, देशातलं काम आयबी बघते, आणि अटक पोलीस करतात, आपल्याकडे असल्या केसमध्ये बहुतेक एटीएस. कायदा १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, संरक्षणाशी संबंधित हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा. हा आकडा तिला माहीत असू द्या, कारण ती पोलिसांसाठी काम करतेय याची फाईल उद्या कुणी गायब केली तर ती खरीच आरोपी ठरू शकते, आणि वाचकाच्या पोटात गोळा तिथेच येतो.

एक सीन तर मी फुकट देते. ती गोव्याला उतरतेय, दाबोळीला, विंडो सीट, फोन हातात, त्या डीएमवाल्या पार्टीला व्हिडिओ हवाय. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा, तिथे शूटिंगला बंदी. एअर होस्टेस म्हणते मॅडम फोन ठेवा. शेजारचा माणूस हसतो. तो कोण?

तांत्रिक गोष्टी नीट करा प्लीज. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोतून जीपीएस डेटा निघून जातो, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर लोकेशन तसंच राहतं, एवढ्यावर अख्खा ट्विस्ट उभा राहतो. २०१२ मध्ये अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांपासून पळत असताना एका मासिकाने टाकलेल्या फोटोतल्या अशाच डेटावरून तो ग्वाटेमालात असल्याचं कळलं होतं. निरोपासाठी कोडवर्ड नकोत, पोस्टची वेळ, रीलचं गाणं, कालवणात कोकम आधी पडलं की नंतर, एवढं पुरे.

आणि प्रेम. माझं ठाम मत आहे की हिरो ऑफिसर नको, तिचा एडिटर हवा. जग बघतं ते ३० सेकंद आणि तो बघतो तिचं चाळीस मिनिटांचं न कापलेलं फुटेज, त्यात ती अडखळते, चिडते, कॅमेरा बंद झालाय समजून डोळे पुसते, तो हे सगळं कापून टाकतो आणि त्याच्या मनात साठत जातं. मग त्याला दिसतं की तीन वेगवेगळ्या दिवसांच्या क्लिपमध्ये मागे तोच निळ्या शर्टातला माणूस आहे आणि तिचा कॅमेरा दर वेळी त्याच्यावर थोडा जास्त थांबतोय. विचारावं तर ती खोटं बोलणार, कारण खरं सांगायची तिला परवानगी नाही. तो विचारत नाही. क्लिप डिलीट करतो, आणि तीच क्लिप पोलिसांना पुरावा म्हणून हवी असते.

कबुलीचा सीन लिहाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, चार्जिंगला. अख्ख्या कादंबरीत ती पहिल्यांदाच कॅमेऱ्याशिवाय बोलणार आहे, वाक्यं तुटू द्या, त्यालाही लगेच उत्तर सुचू देऊ नका.