गाव लडाखचं, प्रेत कोल्हापूरचं: हिमालयातल्या खूनकथेत या चुका टाळा

दिवाळी अंकांच्या रहस्यकथा पावसाळ्यात लिहिल्या जातात. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर पडलेली असताना बऱ्याच जणांना नेमका बर्फ सुचतो. लडाखच्या झंस्करमधलं पंधरा घरांचं गाव, बंद रस्ता, एक प्रेत, सात-आठ संशयित. साचा उत्तम आहे. पण खून झाला की लेखक मनाने कोल्हापुरात परततो. प्रेत सीपीआर रुग्णालयाच्या शवागारात आणल्यासारखं वागतं, पोलिस राजारामपुरीतून निघाल्यासारखे वीस मिनिटांत हजर होतात आणि खुनी नळाखाली हात धुऊन झोपायला जातो.

आपल्या जिल्ह्यात हे खपत नाही. सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज-चंदगडपर्यंत द्रास, कारगिल, सियाचिन बघून आलेली माणसं घरोघरी आहेत. असा एखादा निवृत्त सुभेदार तिसऱ्या पानावर अंक मिटतो, आणि त्याचं चुकत नाही.

मृत्यूची वेळ घड्याळासारखी सांगणे

सगळ्यात जास्त कथा इथे फसतात. "प्रेत ताठ झालंय, म्हणजे खून रात्री दहा ते बाराच्या दरम्यान झालाय," असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतो. आपल्या हवामानात ढोबळ आडाखा असा: जबडा आणि मानेपासून सुरुवात, साधारण बारा तासांत सगळं अंग ताठ, पुढचे बारा तास तसंच, आणि त्यापुढच्या बारा तासांत ताठरपणा उतरतो. उन्हाळ्यात हे सगळं आणखी लवकर उरकतं.

उणे २० अंशांत हा आडाखा निरुपयोगी आहे. तिथे प्रेत कडक लागतं ते अंगातलं पाणी गोठल्यामुळे. स्नायूंची मरणोत्तर ताठरता वेगळी. लवकर गोठलेल्या प्रेतात ती सुरूच झालेली नसते, वितळल्यावर येते आणि भराभर जाते. अंगाच्या तापमानावरून वेळ काढायचा हिशेबही प्रेत बाहेरच्या हवेइतकं गार झालं की संपतो. माश्या नाहीत, अळ्या नाहीत, म्हणजे तोही मार्ग बंद.

शवविच्छेदनही लगेच होत नाही. आख्खं गोठलेलं प्रेत ४ अंशांच्या आसपास सावकाश वितळवावं लागतं. त्याला पाच-सात दिवस सहज जातात. घाई करून बुखारीशेजारी, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या धुराड्याच्या शेगडीशेजारी, ठेवलं, तर बाहेरची कातडी सडायला लागते आणि पोटात बर्फ तसाच राहतो. कथेत हे दिवस वाया जात नाहीत. डॉक्टर हात चोळत बसलेला असताना गावात काय काय घडतं, तोच खरा मधला भाग.

मग वेळ कशावरून काढायची? घरातल्या आणि अंगणातल्या खुणांवरून. प्रेताखाली कोरडी माती आहे की बर्फाचा थर? अंगावर किती बर्फ साचलाय, आणि शेवटचा बर्फ कधी पडला होता? बुखारीत राख किती, शेजारी रचलेल्या गोवऱ्या किती उरल्या? बादलीतल्या पाण्यावर नुसती साय धरल्यासारखा बर्फ आहे की तळापर्यंत गोठलंय? गोठ्यातल्या जनावरांना शेवटचा चारा कधी पडला? एका बादलीवर एक प्रकरण उभं राहू शकतं.

गुलाबी डाग, काढलेले कपडे, तडकलेली कवटी

थंडी स्वतःच खोटे पुरावे तयार करते. ही तीन लक्षणं लेखकाला तोंडपाठ हवीत, कारण तपास अधिकारी फसायला हवा, लेखक नव्हे.

पहिलं: बंद खोलीत बुखारी, सकाळी माणूस मेलेला, आणि अंगाच्या खालच्या बाजूला रक्त साकळून पडलेले डाग निळसर-जांभळे नसून चेरीसारखे गुलाबी. लेखक लगेच लिहितो की धुराडं बोळा घालून बंद केलं होतं, कार्बन मोनॉक्साइडने जीव गेला. शक्य आहे. पण नुसत्या थंडीत पडलेल्या प्रेतावरही असेच गुलाबी डाग पडतात, शवागाराच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्यावरसुद्धा. रंगावरून निकाल लागत नाही. रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं, प्रमाण तपासावं लागतं, आणि त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पोचावा लागतो. कथेला इथे दोन वाटा आयत्या मिळतात: बुखारीने मेलेल्याला थंडीने मेला म्हणून सोडून देणं, किंवा उलट.

दुसरं: बाई बर्फात पडलेली, अंगावर कपडे नाहीत, ते वाटेवर विखुरलेले. आपला हवालदार अत्याचार गृहीत धरतो. पण हाडापर्यंत थंडी शिरली की शेवटच्या टप्प्यात काही माणसांना अंगाची आग होतेय असं वाटतं आणि ती स्वतःच कपडे काढतात. कुणी खाटेखाली, कपाटामागे, एखाद्या कपारीत जाऊन मुटकुळं करून पडतं. बघणाऱ्याला वाटतं, प्रेत लपवलंय. अशा मृत्यूत जठराच्या आतल्या अस्तरावर काळपट ठिपके सापडू शकतात. ते दिसले तर थंडीने मृत्यू या बाजूचं वजन वाढतं, एवढंच. त्यावर फाशीही देऊ नका आणि निर्दोष सुटकाही.

तिसरं: कवटीला तडा. मेंदूतलं पाणी गोठून फुगतं आणि मेल्यानंतर कवटी सांध्यावर उकलू शकते. डोक्यात घाव घातला असेल तर केसांखालच्या कातडीत रक्त साकळलेलं, सूज, खरचटणं असं काही हवं. नुसत्या तड्यावरून कुऱ्हाड शोधत फिरणारा डॉक्टर कथेत दाखवायचा असेल, तर त्याची चूक पुढे कुणीतरी धरायला हवी.

नदीचंही असंच. पंचगंगेत बुडालेलं प्रेत दोन-तीन दिवसांत फुगून वर येतं. सिंधू किंवा झंस्कर नदीच्या हिवाळी पाण्यात सडण्याची क्रियाच जवळपास थांबते, वायू तयार होत नाही आणि प्रेत तळाशी राहतं. त्यामुळे डिसेंबरात ढकललेला माणूस तिसऱ्या दिवशी काठाला लावू नका.

पाऊलखुणांचा साचा

लेखक बर्फातल्या ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस ओततो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारा: प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, साच्याला हात लावला की कळतं. बर्फातला ठसा त्या उष्णतेने विरघळून जातो. खरी पद्धत म्हणजे आधी खास मेणाचे दोन-तीन हलके फवारे मारून ठशावर पापुद्रा धरवायचा, मग थंडगार पाण्यात कालवलेलं डेंटल स्टोन (दातांच्या साच्यांसाठीचं कडक प्लास्टर) हळूच सोडायचं. वितळवलेलं गंधकही वापरतात: ते बर्फाला टेकताच थिजतं आणि बारीक रेघासुद्धा उचलतं, पण ओतताना जरा थंड होऊ द्यावं लागतं. फवारा नसलेल्या चौकीत मोजपट्टी शेजारी ठेवून, टॉर्च तिरपी धरून काढलेले फोटो एवढंच हाती राहतं.

बर्फावरचं रक्त उचलताना बर्फ कमीत कमी घ्यायचा. मूठभर उचलला की वितळल्यावर नमुना पाण्यासारखा पातळ होतो. आणि थंडीतून आणलेला सुरा उबदार खोलीत ठेवला की त्यावर दव धरतं. तो पूर्ण सुकेपर्यंत ठशांची भुकटी लावायची नाही.

त्याआधीची चूक म्हणजे बर्फ सगळीकडे अंथरणं. लेह हे थंड वाळवंट आहे, वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास. गगनबावड्याला तेवढा एका दिवसात पडतो. द्रास आणि झंस्करला बर्फ भरपूर, पण लेहच्या गल्लीत कमरेएवढा ढीग दाखवायचा तर कारण द्या. देवदाराआड लपलेला मारेकरीही नको. देवदार किन्नौर-कुल्लूत. लडाखच्या गावांत ओढ्याकाठी लावलेले पॉप्लर आणि विलो, बाकी उघडे डोंगर. लपायला घरंच.

नळ, गाडी, मोबाईल, कुकर

जानेवारीत बहुतेक गावांत नळाची लाइन रिकामी करून ठेवतात, नाहीतर पाइप फुटतात. पाणी ओढ्यावरचा बर्फ फोडून आणायचं. म्हणजे रक्ताचे कपडे धुणारा माणूस चारचौघांसमोर बादल्या वाहतोय. एका माणसाच्या घरात एका दिवसात चार बादल्या जास्त गेल्या, हा पुरावा आपल्याकडे कुणी मोजणार नाही, तिथे शेजारीण मोजते.

साधं डिझेल कडाक्यात मेणासारखं घट्ट होतं. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात आणलं. त्याआधीची कथा असेल तर रात्री दोनला किल्ली फिरवून पळणारी जीप चालायची नाही. एकतर इंजिन रात्रभर चालू ठेवलेलं हवं, म्हणजे आवाज गावभर ऐकू जाणार, किंवा पहाटे टाकीखाली शेगडी धरून बसलेला ड्रायव्हर हवा.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. कोल्हापूरहून गेलेल्या तुमच्या नायकाचा फोन का लागत नाही, याला वादळाची गरज नाही. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं मात्र गुन्हा, तो सहज हातात देऊ नका.

लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही. कुकर लागतो, आणि कुकरच्या आतही कोल्हापुरात सुमारे ११९ अंश होतात तिथे ११४च. "मी डाळ चढवली, तीन शिट्ट्या झाल्या, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला" अशी साक्ष देणाऱ्या स्वयंपाक्याची डाळ खरंच शिजली होती का, हे झाकण उघडून बघणारा अधिकारी आम्हाला तरी आवडेल.

नायक स्वतः रंकाळ्याला रोज चार फेऱ्या मारणारा किंवा तालमीतला असला, तरी विमानातून उतरल्या दिवशी त्याला पाठलागावर धाडू नका. तब्येत कमावलेली असणं आणि उंचीची सवय असणं वेगळं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती. फुप्फुसात पाणी होण्याचा धोका साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो, तोंडाला गुलाबी फेस येतो, आणि विषप्रयोगाचा संशय घ्यायला तो पुरेसा असतो.

उत्तर दिशा म्हणजे सहा महिन्यांची रात्रही नव्हे. लेहमध्ये डिसेंबरातला दिवस आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तासाने लहान, बस.

"रस्ता बंद" एवढंच लिहून सुटणे

कोणतं वर्ष, ते आधी ठरवा. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजी ला घाट पूर्वी चार-पाच महिने बंद असायचा. २०२४ आणि २०२५ मध्ये बंदचा काळ महिना-सव्वा महिन्यावर आला. लेहला विमानं बारा महिने उतरतात. झंस्करच्या पदुमला जुन्या काळी हिवाळ्यात एकच पायवाट होती, गोठलेल्या नदीवरची चादर, तीही जानेवारी-फेब्रुवारीत. मनालीहून लाहौलला नेणारा अटल बोगदा २०२०च्या ऑक्टोबरपासून वापरात आहे. पूर्ण कोंडलेलं गाव हवं असेल तर कथा वीस-तीस वर्षं मागे न्या.

आणि जानेवारीत गावात कोण उरतं? रस्त्याच्या कामावरचे परराज्यांतले मजूर बहुतेक परतलेले, मैदानी भागातले दुकानदार दुकान बंद करून गेलेले, शाळेला हिवाळी सुट्टी. बाहेरगावचा मास्तर संशयित म्हणून हवा असेल, तर तो सुट्टीतही घरी का गेला नाही, हे पहिल्या दहा पानांत सांगा. तेच रहस्य होईल कदाचित.

माणसं

सगळे लामा करून टाकू नका. कारगिलमध्ये बहुसंख्य शिया मुस्लिम आहेत. तिथे दफन लवकर होतं, आणि नंतर संशय आला तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून कबर उकरता येत नाही; जमीन दगडासारखी गोठलेली असते ते वेगळंच. बौद्ध घरात प्रेत ज्योतिष्याने काढून दिलेल्या दिवसापर्यंत घरीच राहतं. एकाच कुलदेवतेची घरं, म्हणजे पास्पून, प्रेत बसत्या स्थितीत बांधतात आणि दहन करतात. प्रेत गिधाडांना देण्याचा तिबेटी विधी इथे घुसडू नका. पोलिस पोचेपर्यंत प्रेत बांधलेलं असलं, तर त्यात लबाडी नसेल, रीत असेल. हात कुणाकुणाचे लागले हे मात्र विचारावं लागेल.

स्टॅन्झिन, त्सेरिंग, रिग्झिन ही नावं बायकांचीही असतात आणि पुरुषांचीही, आडनाव बरेचदा नसतंच. "स्टॅन्झिनने बोलावलं" एवढीच चिठ्ठी सापडली तर गावात पाच जण उभे राहतात. घराच्या नावावरून माणूस ओळखला जातो. हाक मारताना मोठ्या भावाला आचो-ले, मोठ्या बहिणीला आचे-ले, आजोबांना मेमे-ले. त्यांच्या तोंडी "काय भावा, नाद खुळा" घातलं की कथा थेट मिरजकर तिकटीला येते.

कायदा

लडाखी कथेत सगळे ३०२ लिहितात. ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत तिथे जम्मू-काश्मीरची वेगळी रणबीर दंड संहिता होती, त्यानंतर भारतीय दंड संहिता, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, ज्यात खुनाचं कलम १०३. पहिल्या दोन्हींत आकडा ३०२च होता, पण फिर्यादीवर संहितेचं नाव चुकलं की जाणकार हसतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण आवश्यक आहे, शक्यतो मोबाईलवर. उणे २० अंशांत मोबाईल मध्येच बंद पडतो. अर्धवट चित्रीकरणावर बचावाचा वकील किती खेळेल, त्याचा अंदाज घ्या. मरणोत्तर पंचनाम्याला आजूबाजूचे किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात. पंधरा घरांच्या गावात पंच म्हणजे कुणाचा तरी मेहुणा, आणि तोच संशयित.

मारेकरी जवान असेल तर कोर्ट मार्शल गृहीत धरू नका. सैन्य कायद्याच्या कलम ७० प्रमाणे नागरिकाच्या खुनाचा खटला एरवी साध्या न्यायालयात जातो. प्रत्यक्ष सेवेवर असताना, भारताबाहेर, किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या सीमाचौकीवर घडला तरच लष्करी न्यायालयाला तो चालवता येतो. गावाबाहेरचं ठाणं त्या अधिसूचनेत आहे की नाही, यावर दोन अधिकाऱ्यांची जुंपू द्या.

शेवटच्या पानावर सगळ्यांना बुखारीभोवती बसवून फौजदारासमोर घेतलेली कबुली न्यायालयात चालत नाही. ती दंडाधिकाऱ्यांपुढे व्हावी लागते. कबुलीतल्या ज्या माहितीवरून वस्तू सापडते, तेवढाच भाग टिकतो. म्हणून हत्यार कुठे ठेवायचं, हे कथा लिहायला घेण्याआधी ठरवा. लडाखी घरात वरच्या मजल्यावर कोरडं शौचालय असतं: जमिनीला भोक, वर मातीचा ढीग आणि फावडं, खाली बंद खोली. पेरणीआधी वसंतात ती खोली रिकामी करून खत शेतात टाकतात. जानेवारीत टाकलेला सुरा एप्रिलपर्यंत तिथे सुखरूप असतो, आणि तो वर येतो तेव्हा फावडं घरातल्याच कुणाच्या तरी हातात असतं.