शेवाळातून तेल काढायचंय? आधी पेशी नीट फोडा

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांची शेततळी उन्हाळ्यात हिरवीगार होतात आणि मग कोणीतरी विचारतंच, यातून बायोडिझेल निघेल का? निघेल, पण शेततळ्यात नाना जातींचं शेवाळ एकत्र असतं, त्यामुळे कॉलेजचा प्रोजेक्ट करत असाल तर क्लोरेला किंवा नॅनोक्लोरोप्सिसचं शुद्ध कल्चर (एकाच जातीचं वाढवलेलं शेवाळ) घ्या. स्पिरुलिना नको, त्यात प्रोटीन भरपूर आणि तेल जेमतेम. काढणीच्या आधी थोडे दिवस नायट्रोजनचं खत बंद ठेवा, पेशी वाढायच्या थांबतात आणि तेल साठवायला लागतात.

आता खरी मेख. क्लोरेलाची पेशी 2 ते 10 मायक्रॉनची, भिंत भलतीच चिवट आणि तेल तिच्या आत. मिक्सरमधून काढून उपयोग नाही, पात्यापुढे पेशी इतकी बारीक की ती पाण्याबरोबर नुसती गरगर फिरते. बरेच जण ही पायरी उरकून टाकतात आणि मग सॉल्व्हंटला (तेल विरघळवून बाहेर काढणाऱ्या द्रवाला) दोष देतात.

माझं मत विचाराल तर काचेचे मणी बेस्ट. साधारण 0.5 मिमीचे मणी घ्या, ट्यूबमध्ये शेवाळाची घट्ट पेस्ट आणि मणी निम्मे निम्मे, एक मिनिट व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र), एक मिनिट बर्फात, असं आठ-दहा वेळा करा, बर्फ टाळू नका कारण घासून पेस्ट तापते. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र) असेल तर तोही चालतो, 20 किलोहर्ट्झचा प्रोब, थांबून थांबून पल्स द्यायचे, ट्यूब बर्फात, टोक काचेला लागू द्यायचं नाही आणि कानाला मफ लावायचे. दोन्ही नसेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे लॅबचा प्रेशर कुकर, 121 अंश, 15 पीएसआय. घरचा कुकर वापरलाच तर तो परत स्वयंपाकाला घेऊ नका. मिठाच्या 10 टक्के पाण्यात ठेवायची पद्धत स्वस्त आहे पण क्लोरेलावर कमी पडते, ड्युनालिएला तर खाऱ्या पाण्यातलंच शेवाळ, त्याला या मिठाने काही होत नाही, पण त्याला कडक भिंतच नसते म्हणून ते साध्या गोड्या पाण्यात फुटतं.

फोडून झालं की लगेच पुढे पळू नका. एक थेंब स्लाइडवर घ्या, 400 पट करून बघा. अख्ख्या पेशी गोल, हिरव्या, कडा स्पष्ट. फुटलेल्यांची फिकट टरफलं आणि आजूबाजूला हिरवा चुरा दिसतो. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) आधी आणि नंतर मोजा, निम्म्याहून जास्त अख्ख्या असतील तर परत मणी. ऑटोक्लेव्हच्या पेशी मात्र आत फाटूनही बाहेरून अख्ख्या दिसू शकतात, तिथे मोजणीवर विसंबू नका, शेवटी तेलाचं वजनच खरं.

आणि फुटलेली पेस्ट उद्यावर टाकू नका! पेशीतलं लायपेज (तेल तोडणारं एन्झाइम) मोकळं होतं, तेलाचे फॅटी अ‍ॅसिड करून टाकतं, मग बायोडिझेल करताना कॉस्टिक सोडा घातला की साबण होतो.

सॉल्व्हंटला हेक्झेन-आयसोप्रोपेनॉल 3:2 घ्या. ब्लाय आणि डायर या संशोधकांची 1959 ची क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची पद्धत अजूनही सगळीकडे वापरतात, पण क्लोरोफॉर्म विषारी, शिकणाऱ्या पोरांच्या हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. हेक्झेनही साधं नाही हं, 69 अंशाला उकळतं, वाफ हवेपेक्षा जड, खाली पसरत जाते, लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. नाशिकचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला, त्यामुळे फ्यूम हूडशिवाय (वाफ ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) बाटली उघडायचीच नाही, घरी तर मुळीच नाही.

फुटलेल्या पेस्टमध्ये सॉल्व्हंट घालून हलवा, मग मिठाचं पाणी घाला, थर वेगळे होतील, वरचा हेक्झेनचा थर काढून घ्या. फेसाळ थर अडला तर सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवा. वरचा थर गडद हिरवा दिसला म्हणजे भरपूर तेल असं नाही, तो रंग क्लोरोफिलचा. आधी वजन केलेल्या फ्लास्कमध्ये रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) हेक्झेन उडवा आणि वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. 10 ग्रॅम कोरड्या शेवाळात 20 टक्के तेल असेल तर जास्तीत जास्त 2 ग्रॅम मिळणार. त्याहून जास्त भरलं तर हेक्झेन अजून उडायचं असेल, फ्लास्क परत लावा, तरी जास्तच राहिलं तर त्यात क्लोरोफिलचंही वजन आहे असं समजा.